विमानातील विद्युत आणि एव्हिऑनिक्स बॉक्स सुरक्षितपणे काढणे व बसवणे

विमानातील एखादा एव्हिऑनिक्स बॉक्स (विमानाच्या इलेक्ट्रॉनिक यंत्रणेचा डबा) बदलणे हे बाजूला उभे राहून पाहणाऱ्याला फार सोपे काम वाटते. पुढचे दोन नॉब सैल करायचे, हँडल धरून बॉक्स ट्रेमधून ओढायचा, दुसरा सरकवायचा, नॉब आवळायचे आणि चाचणीचे बटण दाबायचे. हात सरावलेला असेल तर प्रत्यक्ष बॉक्स हलवण्यात पाच मिनिटेही जात नाहीत. या कामाची सुरक्षितता मात्र त्या पाच मिनिटांच्या आधी आणि नंतर जे करायचे असते त्यात आहे, आणि घाईत नेमके तेच गाळले जाते. बॉक्स धातूच्या कवचात असतो आणि थोडेफार सोसू शकतो. नाजूक असते ती त्याच्या पाठीमागची जोडणी, म्हणजे ट्रेमधला कनेक्टर, त्यातल्या टाचणीसारख्या बारीक पिना, बाँडिंगची पट्टी (बॉक्सला विमानाच्या धातूच्या सांगाड्याशी जोडणारी) आणि तिथून निघणारा तारांचा जुडगा. बिघाडाचे खापर बॉक्सवर फुटते आणि दोष पुष्कळदा जोडणीत निघतो, हे ध्यानात ठेवून पुढचे वाचावे.

गोव्यातल्या दाबोळी आणि मोपा या विमानतळांवर नव्याने कामाला लागणाऱ्या, पेडणे, डिचोली, सावंतवाडी, बांदा या बाजूच्या मुलांना डोळ्यांसमोर ठेवून हे लिहिले आहे. यातले काहीही त्या-त्या विमानाच्या मेंटेनन्स मॅन्युअलची जागा घेत नाही; दोहोंत फरक आढळला तर मॅन्युअल खरे मानावे. नागरी विमानावर अशा कामाची सही डीजीसीएच्या, म्हणजे नागरी विमान नियामकाच्या, सीएआर-६६ या परवाना-नियमांखालचा योग्य परवाना आणि आपल्या सीएआर-१४५ (देखभाल संस्थांच्या नियमांखालील) संस्थेचे अधिकारपत्र असलेल्या अभियंत्यानेच करायची असते. एव्हिऑनिक्सच्या कामासाठी तो परवाना मुख्यतः बी-२ वर्गाचा असतो.

हात लावण्याआधी

पहिला प्रश्न असा विचारावा की हा बॉक्स खरोखर काढायला हवा आहे का. वर्कशॉपला पाठवलेल्या बॉक्सपैकी कितीतरी ‘दोष आढळला नाही’ असा शेरा घेऊन परत येतात, आणि त्या प्रत्येक खेपेला विमानावरचा एक कनेक्टर विनाकारण उघडला आणि मिटला गेलेला असतो. म्हणून टेक लॉगमधली (विमानाच्या दोषनोंदवहीतली) नोंद, विमानाच्या संगणकाने साठवलेला दोषसंदेश आणि वैमानिकाने सांगितलेली परिस्थिती हे तिन्ही एकत्र ठेवून ट्रबलशूटिंग मॅन्युअलच्या पायऱ्या क्रमाने चढाव्यात. डावीकडे आणि उजवीकडे एकसारखे दोन बॉक्स असतील आणि मॅन्युअलची मुभा असेल, तर त्यांची अदलाबदल करून दोष बॉक्सबरोबर सरकतो की जागेवरच राहतो हे पाहता येते. दोष जागेवरच राहिला तर नवा बॉक्स मागवण्याआधी तारांकडे वळावे.

मॅन्युअलचे अध्याय एटीए या सर्वमान्य क्रमांकपद्धतीने क्रमांकित असतात: २३ संदेशवहनाचा, २४ विद्युत शक्तीचा, ३३ दिव्यांचा, ३४ नेव्हिगेशनचा. बॉक्स काढण्या-बसवण्याची कृती त्या-त्या अध्यायात सापडते, पण कनेक्टर कसा धरावा, लॉकवायर (पेच सैल होऊ नये म्हणून बांधायची तार) कशी ओवावी, बाँडिंग कसे मोजावे हे सर्व विसाव्या अध्यायात, म्हणजे प्रमाणित कार्यपद्धतींच्या अध्यायात असते. हा अध्याय परीक्षेनंतर सहसा कोणी उघडत नाही, आणि माझ्या मते सर्वाधिक उपयोगाचा तोच आहे.

विमानाला हात लावण्याआधी नवा बॉक्स स्टोअरमध्येच तपासून घ्यावा. त्याचा पार्ट नंबर, सुधारणा क्रमांक आणि सॉफ्टवेअर आवृत्ती आपल्याच विमानाला लागू आहे का हे सचित्र पार्ट्स कॅटलॉगमध्ये विमानाच्या अनुक्रमांकावरून पडताळावे. एकाच ताफ्यातल्या दोन विमानांना एकच बॉक्स चालेल असे गृहीत धरू नये. सोबत सीए फॉर्म १ किंवा मान्य असलेले तत्सम प्रमाणपत्र आहे, त्यावरचा सिरियल नंबर आणि बॉक्सच्या पाटीवरचा सिरियल नंबर अक्षरशः जुळतो, आणि आयुर्मर्यादा असलेला भाग असेल तर तारीख उलटलेली नाही, हे पाहूनच जुना बॉक्स सैल करावा. जुना बॉक्स काढून ठेवल्यावर नव्याचा कागद चुकीचा निघाला, तर सुटण्याच्या वेळेला विमान उघड्या खणानिशी उभे राहते आणि मग सगळेच घाई करू लागतात.

वीज तोडणे

मोठ्या जेट विमानात ११५ व्होल्ट, ४०० हर्ट्झ, तीन फेजचा एसी पुरवठा आणि २८ व्होल्टचा डीसी पुरवठा असे दोन्ही असतात. गोव्याहून उडणाऱ्या एटीआर-७२ सारख्या टर्बोप्रॉपमध्ये मुख्य पुरवठा २८ व्होल्ट डीसीचा असतो आणि त्याच्या जोडीला प्रोपेलरच्या गिअरबॉक्सवर फिरणाऱ्या जनरेटरमधून बदलत्या फ्रिक्वेन्सीचा एसी पुरवठा मिळतो. ११५ व्होल्टला सगळेच भितात. २८ व्होल्टचा झटका बसत नाही म्हणून त्याकडे दुर्लक्ष होते, पण बॅटरीच्या टर्मिनलवर पाना आडवा पडला तर शेकडो अँपिअरचा प्रवाह वाहू शकतो, आणि त्या वाटेत बोटातली अंगठी आली तर ती क्षणात लाल होते. म्हणून अंगठी, घड्याळ, कडे, गळ्यातली साखळी हे सर्व शिफ्टच्या सुरुवातीलाच लॉकरमध्ये ठेवावे. सुटत नाही म्हणून अंगठीवर टेप गुंडाळणे हा उपाय नव्हे.

पुरवठा तोडण्याचा क्रम ठरलेला आहे. आधी ती यंत्रणा तिच्या स्वतःच्या स्विचने बंद करावी, मग मॅन्युअलमध्ये दिलेले सर्किट ब्रेकर ओढावेत, प्रत्येक ओढलेल्या ब्रेकरच्या दांड्यावर कॉलर चढवावी आणि ‘काम चालू आहे, बसवू नये’ असा टॅग आपल्या नावानिशी लावावा. कॉलर नसलेला ब्रेकर कॉकपिटमध्ये बसलेला दुसरा माणूस ‘चुकून सुटला असेल’ असे समजून सहज दाबतो, आणि त्या वेळी खाली एव्हिऑनिक्स बेमध्ये (बॉक्स बसवलेल्या खणात) तुमचे बोट पिनांवर असू शकते. ब्रेकरची यादी पॅनेलवरची नावे वाचून बनवू नये, मॅन्युअलमधूनच घ्यावी, कारण एकाच बॉक्सला दोन वेगळ्या बसमधून (वीज वाटणाऱ्या मुख्य वाहिन्यांतून) पुरवठा असणे नेहमीचे आहे आणि दुसरा ब्रेकर पुष्कळदा भलत्याच पॅनेलवर असतो. एअरबस ए-३२० मध्ये काही ब्रेकर कॉकपिटच्या छतावरच्या पॅनेलवर, तर बरेचसे आसनांच्या मागच्या भिंतीवर आहेत. किती ब्रेकर ओढले हा आकडा वर्क शीटवर लिहून ठेवावा. काही नव्या विमानांत ब्रेकर पडद्यावरून इलेक्ट्रॉनिक पद्धतीने उघडावे आणि कुलूपबंद करावे लागतात. तिथे दांडा दिसत नसल्याने कागदावरचा टॅग आणि नोंद यांना अधिकच महत्त्व येते.

बॅटरीचा स्विच बंद केला म्हणजे विमान निर्वीज झाले असे होत नाही. थेट बॅटरीला जोडलेली हॉट बस स्विच बंद असतानाही जिवंत असते आणि आग विझवण्याच्या यंत्रणेसारख्या काही गोष्टी तिच्यावर चालतात. अशा वर्तुळात काम असेल तर मॅन्युअल बॅटरीचा कनेक्टरच काढायला सांगते, आणि तो काढावाच. ग्राउंड पॉवर युनिटची केबलही नुसती बंद न करता विमानातून उपसून बाजूला ठेवावी. इंधन भरणे चालू असताना विद्युत जोडणी जोडू किंवा तोडू नये.

त्यानंतर मल्टिमीटरने खात्री करावी, आणि ती तीन टप्प्यांत करावी: आधी जिथे पुरवठा नक्की आहे अशा ठिकाणी मीटर आकडा दाखवतो का, मग आपल्या कामाच्या ठिकाणी शून्य आहे का, आणि शेवटी पुन्हा पहिल्या ठिकाणी मीटर अजून जिवंत आहे का. बिघडलेला मीटर किंवा तुटलेली लीडही शून्यच दाखवते.

शिफ्ट बदलताना या साऱ्याची कसोटी लागते. चवथीच्या आठवड्यात निम्मा हँगर गावी गेलेला असतो, उरलेले लोक दुहेरी पाळ्या करतात आणि काम अर्धवट अवस्थेत एका हातातून दुसऱ्या हातात जाते. अशा वेळी तोंडी सांगणे अजिबात चालत नाही. कोणते ब्रेकर ओढलेले आहेत, कोणता कनेक्टर फक्त बोटाने फिरवून ठेवला आहे, कोणत्या बोल्टला टॉर्क (ठरलेला पिळाचा जोर) द्यायचा राहिला आहे हे कागदावर उतरवावे आणि पुढच्या माणसाने जागेवर जाऊन बघून त्याखाली सही करावी.

स्थिर वीज आणि गोव्याची हवा

माणसाच्या अंगावर साचलेली स्थिर वीज साधारण ३,००० व्होल्टच्या खाली असेल तर तिची ठिणगी त्याला जाणवतही नाही, आणि एव्हिऑनिक्स कार्डावरचे काही घटक १०० व्होल्टपेक्षाही कमी दाबाने जायबंदी होतात. जायबंदी हा शब्द मुद्दाम वापरला आहे, कारण असा घटक लगेच मरेलच असे नाही. तो चाचणीत पास होतो आणि पुढे कधीतरी हवेत दगा देतो. मनगटी पट्टा विमानाच्या बाँडिंग बिंदूला जोडूनच बॉक्सच्या कनेक्टरजवळ हात न्यावा. पट्ट्याच्या दोरीत १ मेगाओहमचा रोध असतो, तो माणसाच्या संरक्षणासाठी असतो. म्हणून पट्टा हरवला तर साध्या तारेने काम भागवू नये, आणि दररोज पट्टा टेस्टरवर दाबून पाहावा. पिनांना बोट कधीही लावू नये. बॉक्स निघताक्षणी त्याच्या कनेक्टरवर वाहक टोपी चढवावी.

गोव्यात हवा दमट आहे म्हणून इथे स्थिर विजेची भीती नाही, असा एक लाडका समज आहे. अॅप्रनवर, म्हणजे विमाने उभी राहतात त्या उघड्या आवारात, तो अर्धा खरा आहे; वातानुकूलित स्टोअरमध्ये आणि वर्कशॉपमध्ये तो खोटा ठरतो, आणि बॉक्स हाताळले जातात ते तिथेच. इथल्या दमटपणाचा खरा त्रास वेगळा आहे. जुलैमध्ये थंडगार स्टोअरमधून बॉक्स थेट बाहेर आणून त्याची पिशवी उघडली, तर फ्रिजमधून काढलेल्या सोलकढीच्या बाटलीला घाम सुटतो तसा त्याच्या कवचावर आणि पिनांवर पाण्याचा थर धरतो. त्यामुळे बॉक्स बंद पिशवीतच हँगरमध्ये आणून ठेवावा, तो बाहेरच्या तापमानाला येऊ द्यावा आणि मगच सील फोडावे. पावसाळ्यात खालच्या बाजूचे झाकण उघडण्याआधी त्याच्या कडा पुसून घ्याव्यात, कारण खाचेत साचलेले पाणी झाकण सुटताच नेमके तुमच्या मनगटावरून कनेक्टरकडे वाहते.

दाबोळीचे पठार समुद्राला लागून असल्याने तिथे खारी हवा आहे, आणि पाऊस संपला की मोपाच्या जांभ्या पठारावरची लाल धूळ थंड हवेच्या पंख्यांच्या फिल्टरवर बसते. बॉक्स काढलेला असताना रिकाम्या ट्रेकडे टॉर्च मारून पाहण्याची जी संधी मिळते ती सोडू नये. तळाच्या थंड हवेच्या भोकांवरची गॅस्केट वळलेली किंवा फाटलेली नाही ना, कनेक्टरच्या कडेला हिरवट-पांढरी बुरशीसारखी पूड नाही ना, बाँडिंग पट्टीच्या टोकाला गंज नाही ना, हे तेव्हाच दिसते. हवा न मिळालेला नवा बॉक्स जुन्यासारखाच तापून बंद पडतो.

काढताना

ट्रेमध्ये बसणाऱ्या बॉक्सचे पुढचे नॉब सैल करून हुक खाली पाडावेत आणि बॉक्स ट्रेच्या रेषेत सरळ ओढावा. वर-खाली किंवा डावी-उजवीकडे हलवून तो सुटा करण्याचा मोह होतो, पण त्या हलवण्याचा सगळा जोर मागच्या पिनांवर येतो. बॉक्सचे वजन पाटीवर किंवा मॅन्युअलमध्ये दिलेले असते. ते वाचून दुसरा माणूस हवा का ते आधीच ठरवावे. अरुंद बेमध्ये डोक्याच्या वर धरलेला बॉक्स अर्धा बाहेर आल्यावर दुसऱ्याला हाक मारणे म्हणजे उशीर झालेला असतो.

गोल कनेक्टर असतील तर आधी प्रत्येक तारेवरची ओळखपट्टी आणि बॉक्सवरचे नाव यांची जुळणी करून मोबाइलवर नव्हे तर वर्क शीटवर टिपण करावे, आणि संस्थेची परवानगी असेल तरच छायाचित्र घ्यावे. कनेक्टर फक्त त्याच्या कपलिंग रिंगला धरून फिरवावा. मागचा बॅकशेल (तारा धरणारे कवच) किंवा तारांचा जुडगा पिळून तो कधीही उघडू नये. रिंग घट्ट असेल तर मऊ जबड्याची कनेक्टर पक्कड किंवा पट्ट्याचा पाना वापरावा, साध्या पकडीने रिंगचे दाते झिजतात. दोन्ही तोंडांवर लगेच टोप्या चढवाव्यात. इन्सुलेशन टेप लावू नये, कारण त्याचा चिकट अंश पिनांवर राहतो आणि आपल्या हवेत त्यावर धूळ आणि ओल दोन्ही जमतात. वायुदाबाच्या नळ्या सोडाव्या लागल्या तर त्यांची तोंडेही तितक्याच तत्परतेने झाकावीत. कुंभारीण माशीला घरट्याच्या मातीसाठी अशी भोके फार आवडतात.

इथे माझी स्वतःची एक चूक सांगतो. नोकरीच्या सुरुवातीच्या एका पावसाळ्यात ट्रान्सपॉन्डर (रडारला विमानाची ओळख आणि उंची कळवणारे उपकरण) मधूनच बंद पडण्याची तक्रार आली. मी बॉक्स बदलला, चाचणी पास झाली, चार दिवसांनी तीच तक्रार परत आली, मी पुन्हा बॉक्स बदलला आणि पुन्हा तेच झाले. तिसऱ्या वेळी वरिष्ठांनी मला बॉक्सला हात न लावता आरसा आणि टॉर्च घेऊन ट्रेच्या कनेक्टरसमोर गुडघ्यावर बसवले. तिरका प्रकाश टाकल्यावर एका सॉकेटचे तोंड शेजारच्यांपेक्षा किंचित रुंद दिसले. उड्डाणात थरथर झाली की पिन त्यात सैल पडत होती. पहिल्या दिवशी पुरवठा तपासताना मल्टिमीटरचा जाड प्रोब त्या सॉकेटमध्ये मीच दाबून घातला होता. तेव्हापासून मी कनेक्टरमध्ये मोजमाप करायचे असेल तर योग्य मापाची टेस्ट पिन किंवा ब्रेकआउट बॉक्स (पिनांना हात न लावता मोजण्यासाठी मध्ये जोडायचा डबा) याशिवाय काही घालत नाही, आणि कनेक्टर उघडला की आधी पिनांची ओळ तिरक्या प्रकाशात बघतो: एखादी वाकलेली आहे का, मागे सरकलेली आहे का, काळवंडलेली आहे का.

बसवताना

नवा बॉक्स हाताने सरकत जाऊन कनेक्टरला भिडला पाहिजे, आणि शेवटचे काही मिलिमीटरच नॉबने आत ओढले गेले पाहिजेत. वाटेत कुठेही अडखळला तर थांबावे आणि बाहेर काढून पाहावे. आयताकृती कनेक्टरच्या कोपऱ्यात चुकीचा बॉक्स बसू नये म्हणून दिशादर्शक खुंट्या बसवलेल्या असतात, आणि अडखळणे हा बहुधा त्या खुंट्यांचा निरोप असतो. नॉब पिळून त्यांच्यावर मात करता येते, पण किंमत वाकलेल्या पिनांची द्यावी लागते. नॉब दोन्ही बाजूंना आलटून-पालटून आवळावेत, म्हणजे बॉक्स तिरका शिरत नाही.

तीन आट्यांच्या पेचाच्या गोल कनेक्टरवर एक लाल पट्टी असते. रिंग पूर्ण बसली की ती झाकली जाते. जराही लाल दिसत असेल तर कनेक्टर बसलेला नाही, हाताला कितीही घट्ट लागला तरी. जुन्या पेचाच्या कनेक्टरना जिथे लॉकवायर सांगितली आहे तिथे ती रिंग आवळण्याच्या दिशेने खेचणारी असावी आणि नवीच वापरावी. टर्मिनलच्या स्टडवर चारपेक्षा जास्त लग (तारांच्या टोकांच्या कड्या) रचू नयेत, आणि नटला मॅन्युअलमधला टॉर्क कॅलिब्रेशनची तारीख न उलटलेल्या पान्याने द्यावा.

बाँडिंग पट्टी हा या कामातला सर्वांत दुर्लक्षित भाग आहे. विजेचा लोळ, रेडिओचा गोंगाट आणि दोषप्रवाहाची परतीची वाट या तिन्ही गोष्टी तिच्यावर अवलंबून असतात. ती जिथे टेकते ती जागा रंग आणि गंजापासून स्वच्छ करून, सांगितले असेल तर तिथे रासायनिक संरक्षक लेप देऊन, पट्टी बसवून मग मिलिओहममीटरने रोध मोजावा. सर्वसाधारण मर्यादा ३ मिलिओहम धरतात, पण मॅन्युअलने त्याहून कडक आकडा दिला असेल तर तोच पाळावा. साधा मल्टिमीटर इथे उपयोगाचा नाही. त्याच्या लीडचाच रोध याहून जास्त असतो. अँटेना बदलली असेल तर मोजमाप झाल्यावरच तिच्या कडेला सीलंट भरावे, नाहीतर ते सारे खरवडून पुन्हा सुरुवात करावी लागते, आणि पावसाळ्यात सीलंट सुकण्याची वाट पाहणाऱ्याला तो वेळ फार लांब वाटतो.

तारांचा जुडगा मूळ वाटेनेच परत न्यावा आणि सोडलेला प्रत्येक क्लॅम्प परत लावावा. वळणाची त्रिज्या जुडग्यातल्या सर्वांत जाड तारेच्या बाह्य व्यासाच्या निदान दहापट असावी, दोन क्लॅम्पमध्ये हाताने दाबल्यावर साधारण अर्ध्या इंचाहून अधिक झोळ पडू नये, आणि कोणतीही तार धातूच्या कडेला घासता कामा नये. १९९८ मध्ये स्विसएअरचे १११ क्रमांकाचे विमान हॅलिफॅक्सजवळ कोसळून २२९ जण मृत्युमुखी पडले. तपासात आगीचे मूळ कॉकपिटच्या छताजवळ तारेत झालेल्या आर्किंगकडे आणि त्याने पेटलेल्या इन्सुलेशनच्या आवरणाकडे गेले. ड्रिल केल्यानंतर उरलेला धातूचा किस जुडग्यावर पडलेला दिसला तर तो हवेने फुंकू नये, व्हॅक्यूमने ओढून घ्यावा. रेडिओ अल्टिमीटर (जमिनीपासूनची उंची मोजणारे उपकरण) आणि टीकॅसच्या (हवेतली टक्कर टाळण्याचा इशारा देणाऱ्या यंत्रणेच्या) कोअॅक्स केबल जास्त लांब वाटल्या तरी कापू नयेत, कारण त्यांची लांबी यंत्रणेच्या हिशोबात धरलेली असते.

वेगळी वागणूक मागणारे घटक

बॅटरी जड असते. ए-३२० ची एक बॅटरी सुमारे २५ किलोची भरते. निकेल-कॅडमियम बॅटरीत पोटॅशियम हायड्रॉक्साइड, म्हणजे तीव्र अल्कली असते, आणि लेड-अॅसिड बॅटरीत सल्फ्युरिक आम्ल. दोहोंची हत्यारे, हातमोजे आणि ठेवण्याची जागा वेगळी ठेवावी, एकीचा अंशही दुसरीत जाऊ देऊ नये. सांडलेल्या अल्कलीवर बोरिक अॅसिडचे आणि आम्लावर खाण्याच्या सोड्याचे द्रावण वापरतात. डोळ्यात गेले तर काहीही शोधत न बसता भरपूर पाण्याने धुवावे. टर्मिनल पोस्टची लहान बॅटरी काढताना ऋण टोक आधी सोडावे आणि बसवताना शेवटी जोडावे.

स्ट्रोब दिव्याच्या पॉवर सप्लायमधले कपॅसिटर पुरवठा तोडल्यानंतरही शेकडो व्होल्ट धरून असतात. ब्रेकर ओढल्यावर निदान ५ मिनिटे थांबूनच तो उघडावा.

इंजिनच्या आग विझवण्याच्या बाटलीचे स्क्विब विजेने फुटणारे स्फोटक आहे. त्याच्या कनेक्टरवर भटका व्होल्टेज नाही याची खात्री केल्याशिवाय तो जोडू नये, सोडल्यावर त्याच्या पिना शंट टोपीने एकमेकींना जोडून ठेवाव्यात, आणि साध्या मल्टिमीटरने त्याचा रोध कधीही मोजू नये.

आणीबाणीच्या लोकेटर ट्रान्समीटरला, म्हणजे ईएलटीला, धक्का बसला की तो ४०६ मेगाहर्ट्झवर उपग्रहाला हाक मारतो आणि ती हाक बेंगळुरूच्या मिशन कंट्रोल केंद्रात पोचते. हलवण्याआधी तो मॅन्युअलनुसार बंद स्थितीत नेलेला असावा. हवामान रडारसमोर माणसे, इंधनाची गाडी किंवा हँगरची भिंत असताना ते प्रसारणात टाकू नये. कंपासजवळचा कोणताही भाग बदलला तर कंपास स्विंग (कंपासची चूक मोजून दुरुस्त करणे) लागेल का ते पाहावे, आणि एअर डेटा कॉम्प्युटर बदलताना पिटो-स्टॅटिक नळी (वेग आणि उंचीसाठी हवेचा दाब आणणारी) सुटली असेल तर गळती चाचणी चुकवू नये.

वीज परत देणे आणि चाचणी

पुरवठा परत देण्याआधी कॉकपिटमधले लीव्हर प्रत्यक्ष स्थितीशी जुळतात का ते पाहावे: फ्लॅपचा लीव्हर आणि फ्लॅप, गिअरचा लीव्हर आणि सुरक्षा पिना. विमानाभोवती कोणी काम करत असेल तर त्याला सांगावे. मग लिहून ठेवलेल्या आकड्याप्रमाणे टॅग आणि कॉलर उतरवाव्यात, ब्रेकर बसवावेत, आणि उतरवलेल्या कॉलर मोजाव्यात. नवा बॉक्स सॉफ्टवेअर किंवा पिन प्रोग्रामिंग (ठरावीक पिना जोडून बॉक्सला विमानाची रचना सांगणे) मागत असेल तर ते आधी करावे. नेव्हिगेशन डेटाबेस २८ दिवसांच्या चक्रातला चालू आहे का तेही त्याच वेळी पाहावे.

ट्रान्सपॉन्डर बदलला असेल तर त्याचा २४-बिट पत्ता विमानाच्या नोंदणीशी जुळतो हे टेस्टरवर वाचावे आणि चाचणीत दाखवलेली उंची हवेत येणाऱ्या विमानांच्या टीकॅसला फसवणार नाही याची काळजी घ्यावी. दाबोळीला हवाई नियंत्रण नौदलाकडे असल्याने प्रसारणाची चाचणी घेण्याआधी टॉवरला कळवण्याची स्थानिक रीत आपल्या वरिष्ठांकडून नीट समजून घ्यावी.

बॉक्सची स्वतःची चाचणी हिरवी आली म्हणून काम संपत नाही. ती बहुतेक वेळा बॉक्सच्या आतले सांगते, अँटेना किंवा तारेबद्दल थोडेच. मॅन्युअलने पूर्ण कार्यचाचणी सांगितली असेल तर ती शेवटपर्यंत करावी, आणि करताना एकदा जुडगा हाताने हलका हलवून दोष उमटतो का ते बघावे. झाकण मिटण्याआधी वापरलेली हत्यारे शॅडो बोर्डावर (प्रत्येक हत्याराची जागा आखलेल्या फळ्यावर) एकेक परत लावावीत. रिकामी जागा उरली तर झाकण मिटायचे नाही.

काढलेल्या बॉक्सचा लाल टॅग मात्र घाईत लिहू नये. ‘निकामी’ एवढाच शब्द लिहून पाठवलेला बॉक्स वर्कशॉपच्या कोरड्या, थंड बाकावर निर्दोष वागतो आणि तसाच परत येतो. कोणता दोषसंदेश आला, उड्डाणाच्या कोणत्या टप्प्यात, पाऊस होता का, बॉक्स तापलेला होता का, डावा-उजवा बदलून पाहिला का, कनेक्टर कसा दिसला, हे सारे त्यावर लिहावे. मग टोप्या घट्ट आहेत हे एकदा पाहून बॉक्स त्याच्या स्थिरवीजरोधक पिशवीत घालावा आणि शिफ्ट संपायच्या आत स्टोअरच्या ताब्यात द्यावा.